चोवीस सुया आणि चौदा बटणं

ही सगळी भानगड एका वेस्टकोटावरून सुरू झाली. वेस्टकोट नवऱ्याचा, शिवला मी, आणि बटणांचा विचार दोघांनीही शेवटपर्यंत केला नाही, त्यामुळे पुढचे दहा महिने घरात जे काही झालं त्याची जबाबदारी निम्मी-निम्मी असं आमचं ठरलंय.

आम्ही दक्षिण इंग्लंडमध्ये राहतो. नवरा इथल्या एका रीएनॅक्टमेंट ग्रुपमध्ये आहे, म्हणजे 1740 च्या दशकातले कपडे घालून शनिवार-रविवार कुठल्यातरी मैदानात तंबू ठोकायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्या काळातलं जगणं दाखवायचं आणि सोमवारी परत लॅपटॉप उघडून मीटिंगला बसायचं. मला आधी हसू यायचं, मग एकदा त्यांचे कपडे जवळून बघितले आणि मी पण अडकले. ग्रुपचं कपड्यांचं नियमपत्रक नऊ पानांचं आहे. चेन नको, प्लास्टिक नको, बाहेरून दिसेल असा मशीनचा टाका नको, घड्याळ काढून ठेवा, चष्मा असेल तर कसल्या फ्रेमचा, सगळं लिहिलेलं. बटणांबद्दल एकच ओळ होती, "काळाला धरून असावीत". मी ती वाचली आणि पुढे गेले.

नोव्हेंबर 2023 मध्ये वेस्टकोट शिवायला घेतला, लोकरी कापड, आतून लिनन. डिसेंबर अखेर चौदा काजं हाताने पूर्ण झाली आणि मी स्वतःवर फार खूश होते. उरलेल्या कापडाचे गोल कापून लाकडी चकत्यांवर ओढून घेतले, मागून दोरा आवळला, झाली चौदा बटणं एका संध्याकाळी. दिसायला सुरेख.

14 जानेवारीला, रविवारी, एका गारठलेल्या हॉलमध्ये कपड्यांची तपासणी होती. टेबलाच्या पलीकडे एक वयस्कर बाई, समोर फॉर्म, हातात भिंग. त्यांनी काजं बघितली, मान डोलावली, मग एक बटण उलटं करून बघितलं आणि हसायलाच लागल्या. म्हणाल्या, हे घालून 1740 च्या लंडनमध्ये फिरला असता तर दंड भरायला लागला असता.

मला वाटलं चेष्टा करतायत. पण खरंच तसा कायदा होता. रेशमी आणि मोहेरच्या, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीच्या, दोऱ्याने सुईवर बटणं करणारे हजारो लोक तेव्हा इंग्लंडमधल्या मॅकल्सफील्ड आणि लीक या गावांच्या भागात होते. शिंप्यांनी उरलेल्या कापडातूनच बटणं मढवायला सुरुवात केल्यावर या बटणवाल्यांच्या पोटावर पाय आला, त्यांनी पार्लमेंटकडे धाव घेतली आणि कापडाने मढवलेल्या बटणांवर बंदी आली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा कायदे करावे लागले, 1720 च्या सुमाराला आणखी एक, डझनाच्या हिशोबाने दंड. आता पुन्हा पुन्हा कायदा करावा लागतो याचा अर्थ लोक तो सर्रास मोडत होते, हे मी घरी येऊन वाचल्यावर मला कळलं आणि तसं मी त्या बाईंना नंतर ऐकवलंसुद्धा. त्या म्हणाल्या मुद्दा बरोबर आहे, पण आधी कायद्यातली बटणं करून दाखवा, मग मोडायचं बघू.

फॉर्मवर शेरा पडला, "बटणं बदलून 31 मार्चपूर्वी पुन्हा दाखवणे". नवरा परत येताना गाडीत म्हणाला, अगं मी वेस्टकोट उघडाच ठेवतो ना, काय फरक पडतो. मी उत्तर दिलं नाही.

मग सुरू झाली डेथ्स हेड बटणं. नावात कवटी आहे पण बटणावर कवटी-बिवटी काही नसते. लाकडाचा छोटा घुमटासारखा साचा, खालून सपाट, मधोमध भोक, आणि त्यावर दोरा असा गुंडाळायचा की वर फुली उमटते आणि चार पाकळ्या पडल्यासारखं दिसतं. अठराव्या शतकातल्या पुरुषांच्या कोटांवर, वेस्टकोटांवर हे बटण भरपूर सापडतं. साचे ऑनलाइन मागवले, 18 मिलिमीटरचे, वीस नग 9 पौंड. यायला बावीस दिवस लागले कारण तो माणूस लेथवर स्वतः एकेक घडवून देतो, त्यामुळे तुम्हाला तारखेची घाई असेल तर साचे सगळ्यात आधी मागवा, दोरा काय कुठेही मिळतो. दोरा मी काजांसाठीचा रेशमी घेतला, जाड पिळाचा, साडेचार पौंडांची एक रीळ, सहा रिळं लागली (पुरल्या असत्या चार, दोन मी चुकून वाया घालवल्या, ते पुढे येतंच).

पहिलं बटण. दोरा भोकातून वर काढला, घुमटावरून आडवा नेला, खालून वळवून परत वर, मग साचा पाव फिरवायचा, तेच, पुन्हा पाव. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला खेटून, पण कडेच्या बाजूने. दहा-बारा वेढे फार छान बसले. मग घुमटाचा उतार सुरू झाला आणि सगळे वेढे एकदम सर्रकन घसरून खाली आले, हातात नुसता दोऱ्याचा गुंता. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी इतका घट्ट ओढला की दोरा तुटला. त्या रात्री साडेअकराला मी स्वयंपाकघरात बसून एका लाकडाच्या गोळीला शिव्या घालत होते.

तीन गोष्टींनी काम झालं, आणि यातली एकही मला कुठे नीट लिहिलेली दिसली नाही. एक म्हणजे साचा गुळगुळीत पॉलिश केलेला असेल तर बारीक सॅंडपेपरने थोडा खरखरीत करून घ्यायचा. दोऱ्याला मधमाशांचं मेण चोळायचं पण हलक्या हाताने, मी आधी इतकं चोळलं की रेशमाची चमकच गेली आणि दोन रिळं मळकट दिसायला लागली, त्या ह्या वाया गेलेल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओढ. दोरा ओढायचा नसतो, धरून ठेवायचा असतो, डाव्या अंगठ्याने खालचे वेढे दाबलेले आणि उजव्या हाताने दोरा फक्त वळवायचा. हे वाचून कळणार नाही, पाचव्या बटणाला आपोआप कळतं. 18 मिलिमीटरच्या बटणाला माझा साधारण चार मीटर दोरा गेला, तो एकसंध कापून घ्या, मधे जोड आला की त्या पाकळीत गाठ दिसतेच दिसते. शेवटी मागच्या बाजूला सगळे वेढे सुईने गोळा करून आवळायचे आणि वर मधोमध फुलीवर एक बारीक टाका, की झालं.

पहिल्या जमलेल्या बटणाला तीन तास लागले. चौदाव्याला पन्नास मिनिटं. सगळी एका मापाची आहेत का तर नाही, वरून चौथं जरा फुगीर आहे. 23 मार्चला बाईंनी परत भिंग लावून बघितली, त्या चौथ्या बटणावर भिंग थोडा वेळ थांबलं, पण सही झाली.

इथे खरं तर थांबायचं होतं. पण वेस्टकोटाखाली शर्ट असतो आणि शर्टाला पण बटणं असतात.

लिननच्या शर्टाच्या कॉलरला आणि मनगटाला दोऱ्याची छोटी बटणं लागतात आणि त्यासाठी डॉर्सेट बटणांसारखी गोष्ट नाही. धातूची कडी घ्यायची, तिच्यावर दोऱ्याने काम करायचं, सायकलच्या चाकासारखं बटण तयार होतं, म्हणून त्याला क्रॉसव्हील म्हणतात. डॉर्सेट परगण्यात हा धंदा 1622 मध्ये अब्राहम केस नावाच्या माणसाने शाफ्ट्सबरीला सुरू केला आणि पुढे दोन-सव्वादोनशे वर्षं गावंच्या गावं यावर जगली. आधी मेंढीच्या शिंगाच्या चकतीवर दोरा चढवून केलेली उंच टोकाची बटणं असायची, मग तारेच्या कड्यांवरची आली.

क्रॉसव्हीलच्या चार पायऱ्या आहेत आणि त्यांना जुनीच नावं अजून चालतात. कास्टिंग, म्हणजे कडीवर काजाच्या टाक्याने गच्च भरत जायचं. स्लिकिंग, म्हणजे त्या टाक्यांची बाहेर आलेली कड बोटाने आत वळवायची. लेइंग, म्हणजे आरे घालायचे. आणि राउंडिंग, म्हणजे आऱ्यांभोवती उलट टाक्याने, एक मागे दोन पुढे, असं मधून बाहेर विणत यायचं. ज्याला काज करता येतं त्याला पहिली पायरी येतेच, त्यामुळे मी फार आत्मविश्वासाने बसले आणि दोन संध्याकाळीत सहा बटणं झाली पण. सोपं आहे हो हे, असं मी मैत्रिणीला फोनवर सांगितल्याचं मला आठवतं.

शर्ट पहिल्यांदा धुतला आणि कॉलरवर नारिंगी गोल उमटला. बटणाच्या बरोब्बर मापाचा. मग मनगटांवर पण. कड्या मी क्राफ्टच्या सामानातल्या घेतल्या होत्या, पिवळ्या दिसत होत्या म्हणून पितळ समजले, निघाल्या मुलामा दिलेल्या लोखंडाच्या. कडीवर दोरा गच्च असल्यामुळे आतलं पाणी वाळत नाही आणि गंज आतून बाहेर येतो. डाग निघाले नाहीत. कॉलर उसवून नवी लावावी लागली. तर हे अगदी ठळक सांगते, कडी विकत घेतली की चुंबक लावून बघा. चिकटली तर परत करा. आणि पितळी असली तरी पोकळ आहे का भरीव ते बघा, पोकळ कडीला आत सांधा असतो, त्यात दोरा अडकून फाटतो.

मे महिन्यात मग म्हटलं एकदा जिथली वस्तू तिथेच जाऊन बघू या. शाफ्ट्सबरीला रेल्वे स्टेशन नाही, गिलिंगहॅमला उतरायचं आणि पुढे बस किंवा टॅक्सी. गोल्ड हिल नावाची ती खडी चढाची दगडी गल्ली आहे ना, पोस्टकार्डावरची, तिच्या माथ्यावरच गोल्ड हिल म्युझियम आहे आणि तिथे ही बटणं ठेवली आहेत. जाण्याआधी उघडण्याचे महिने-तारखा बघून घ्या, अशी छोटी म्युझियम थंडीत बंद असतात.

मला काय वाटलं होतं आणि काय दिसलं. माझी बटणं वीस मिलिमीटरची. काचेमागे होती ती काही काही मसुरीच्या दाण्याएवढी. त्यात आरे, त्यात विणकाम, सगळं. मी काचेला नाक लावून उभी आणि नवरा मागून विचारतोय, तुझी अशी का नाही होत. हे सगळं त्या बायकांनी खिडकीपाशी नाहीतर मेणबत्तीच्या उजेडात केलेलं, आणि काम डागाळलं तर भाव कमी.

त्या कड्या कशा व्हायच्या तेही मला तिथून आल्यावर नीट कळलं. तार बर्मिंगहॅमहून यायची. मुलं ती दांड्यावर गुंडाळून तिच्या कड्या करायची, त्यांना वाइंडर म्हणायचे. कडीची टोकं सांधण्यासाठी वितळलेल्या डाकात (सोल्डरमध्ये) बुडवायची तो डिपर. आणि कड्या दोऱ्यात ओवून एकशे चव्वेचाळीसची माळ करायची तो स्ट्रिंगर. मग ती माळ बाईच्या घरी जायची. मी जूनमध्ये हट्टाने कड्या पण स्वतः करून बघितल्या, एक मिलिमीटरची पितळी तार, लाकडी दांडीवर गुंडाळली, कापली, डाक दिला. अकरा कड्या, त्यातल्या चार वापरण्याजोग्या, बाकी सगळ्यांवर डाकाचा फोड आलेला आणि घरातला स्मोक अलार्म दोनदा वाजला. सातवी कडी करताना मला वाटलं मी हे एकटीने का करतेय.

मधे एका मोठ्या संग्रहालयाच्या भांडारातला एक जुना शर्ट बघायची परवानगी मागितली होती. 3 जूनला मेल, लगेच आपोआप आलेलं उत्तर, मग फॉर्म, त्यात संशोधनाचा हेतू किती शब्दांत, मग दोन आठवडे काही नाही, आठवण केली, मग कळलं की मी वस्तूचा नोंदणी क्रमांक लिहिला नव्हता. तो त्यांच्या ऑनलाइन सूचीतून आपणच शोधून लिहायचा असतो, हे लक्षात ठेवा, आठवडे वाचतील. तारीख मिळाली 12 जुलै, वेळ अर्धा तास. पेन नाही, फक्त पेन्सिल. फ्लॅश नाही. हात लावायचा नाही, उलटवून तिथल्या बाई दाखवतात. फोटो फक्त स्वतःपुरते. मी मोजपट्टीचा छोटा कागद नेला होता तो शेजारी ठेवून फोटो काढू दिले, ते फार उपयोगी पडलं. फुकट होतं, ट्रेनचे 31 पौंड सोडून.

आता शिकवण्याचं. मी स्वतःहून ठरवलं नव्हतं. जुलैच्या शेवटच्या कॅम्पला तंबूबाहेर बटण करत बसले होते, लोक थांबून विचारायला लागले, ग्रुपमधल्या चार-पाच जणांनी पण शिकव म्हणून मागे लागणं सुरू केलं, आणि त्या भिंगवाल्या बाई म्हणाल्या की सप्टेंबरमध्ये एक शनिवार ठरवा, हॉल बघा, मी येते. म्हणजे झालंच.

हॉल मिळाला आमच्याच भागातला सार्वजनिक, तासाला 12 पौंड, चार तास, 50 पौंड अनामत. 5 ऑगस्टला अर्ज केला. मला वाटलं पैसे भरले की चावी मिळेल. त्यांच्याकडून उलट यादी आली. पब्लिक लायबिलिटी विम्याचं प्रमाणपत्र, धोक्यांचा लेखी आढावा म्हणजे रिस्क असेसमेंट, सोळा वर्षांखालचं कोणी येणार असेल तर सोबत पालक असल्याची हमी, आणि विजेचं काही आणणार असाल तर त्याची सुरक्षा चाचणी झाल्याचा स्टिकर. हे शेवटचं वाचून मी भिंगाचा दिवा आणायचा बेत सोडून दिला आणि खिडकीकडची टेबलं मागितली.

विम्याला घाबरले होते पण तेच सगळ्यात सोपं निघालं, हस्तकला शिकवणाऱ्यांसाठी वर्षाच्या पॉलिसी असतात, मला 52 पौंडांत पडली आणि कागद वीस मिनिटांत मेलवर. फक्त फॉर्म भरताना "शिकवणे" यावर खूण केली आहे ना ते बघा, नुसतं "विक्री" यावर केली तर वर्कशॉप त्यात येत नाही, मी एकदा चुकून तशी खूण केली आणि परत फोन करावा लागला.

रिस्क असेसमेंट मात्र दोनदा परत आलं. पहिल्यांदा मी लिहिलं होतं, "सुया टोचू शकतात, काळजी घेऊ". परत. दुसऱ्यांदा कात्र्या, वायरी, सांडलेला चहा, सगळं लिहिलं, तरी परत, आणि या वेळी कारण दिलं होतं की रविवारी सकाळी त्याच खोलीत रांगणाऱ्या बाळांचा गट असतो, कार्पेटवर सुई राहिली तर काय. हे वाचून मला आधी राग आला होता तो एका क्षणात गेला. तिसऱ्या मसुद्यात लिहिलं की चोवीस सुया मोजून देणार, चोवीस मोजून घेणार, कमी पडली तर सापडेपर्यंत चुंबकाने खोली झाडणार, शेवटी सही करणार. 29 ऑगस्टला मंजुरी आली.

21 सप्टेंबर, शनिवार, बारा जण. माझ्या पिशवीत बारा पुड्या, प्रत्येकीत दोन भरीव पितळी कड्या, सुती दोरा तीन-तीन मीटरचे तुकडे (वीस मिलिमीटरच्या कडीला तीन पुरतो), बोथट टोकाच्या दोन सुया. बोथट का तर राउंडिंगला टोकदार सुई आऱ्याच्या दोऱ्यातूनच आरपार जाते आणि मग ते सोडवता येत नाही. नेढं मोठं हवं, हे मी स्वतःच्या डोळ्यांवरून ओळखलं होतं. माणशी 8 पौंड ठेवले होते.

मी चार पायऱ्यांना प्रत्येकी तीस-चाळीस मिनिटं धरली होती आणि पहिला तास संपला तेव्हा निम्म्या लोकांची कास्टिंगची अर्धी कडी झालेली. माझ्या पोटात गोळा. चूक माझी होती, मी करून दाखवताना भराभर दाखवलं आणि ओढीबद्दल बोललेच नाही, जे मला स्वतःला कळायला पाच बटणं लागली होती ते मी लोकांना गृहीत धरायला सांगत होते. मग थांबले, सगळ्यांना हातातलं खाली ठेवायला सांगितलं, आणि फक्त टाका खेटून कसा सरकवायचा, अंगठ्याच्या नखाने, एवढंच एकेकाजवळ जाऊन दाखवलं.

एक सत्तरीचे आजोबा होते, हात थरथरतात त्यांचे. आरे घालताना मध्य धरता येईना, दर वेळी फुली सरकायची, दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा त्यांनी काही न बोलता कडी टेबलावर ठेवली. पण त्यांचं कास्टिंग बघितलं तर इतकं गच्च आणि एकसारखं, माझ्याहून चांगलं. कडी डाव्या मुठीत टेबलावर टेकवून धरायचे त्यामुळे थरथर लागतच नव्हती. शेजारच्या मुलीने विचारलं माझी कडी पण भरून द्याल का, मी तुमचे आरे घालते. ती आईबरोबर आलेली, अकरा वर्षांची. त्यांनी दिली. मग पलीकडच्या बाईंनी पण त्यांच्यासमोर कडी सरकवली. दहा मिनिटांत त्या टेबलावर आजोबा कड्या भरतायत, मुलगी सगळ्यांच्या सुया ओवून ठेवतेय आणि आरे घालतेय, दोघी जणी फक्त विणतायत, आणि गप्पा. भिंगवाल्या बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, आता हे डॉर्सेट झालं.

मी वर्षभर कडीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत सगळं एकटीने करायच्या मागे होते, काळाला धरून. आणि त्या काळात एका बटणाला किती हात लागायचे ते मी वाचून पाठ केलेलं, लोकांना ऐकवत पण होते. हसूच आलं मला. आता पुढच्या वेळी मी टेबलंच तशी मांडणार आहे, ज्याला जे जमतंय ते त्याने करायचं, घरी जाताना प्रत्येकाच्या हातात एक पूर्ण बटण असलं म्हणजे झालं.

मध्य सरकण्यावर एक उपाय सांगून ठेवते, सगळ्यांना तिथेच अडायला झालं. आरे कडीच्या पुढून आणि मागून असे दोन्ही बाजूंनी पडतात, ते एकमेकांवर येत नाहीत. सगळे घालून झाले की मधे फुलीचा टाका घेऊन पुढचे-मागचे एकत्र बांधायचे, आणि बांधण्याआधी सुईच्या टोकाने सगळे मधोमध ढकलून घ्यायचे. एकदा बांधलं की हलत नाही, त्यामुळे आवळायच्या आधी बटण हात लांब करून बघा. चाक वाकडं दिसलं तर ते वाकडंच राहतं.

शेवटी सतरा बटणं झाली बारा जणांत. तीन वाकडी, एक अंडाकृती. मधे चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं की हे बंद का पडलं, तर मशीन. 1851 च्या लंडनच्या ग्रेट एक्झिबिशनमध्ये बटणं करणारं मशीन लोकांनी बघितलं आणि त्यानंतर डॉर्सेटच्या घरगुती कामाला कुणी विचारेना, कित्येक कुटुंबं कॅनडा-ऑस्ट्रेलियाला निघून गेली. रेशमी बटणवाल्यांसाठी पार्लमेंटने कायदे केले होते, यांच्यासाठी नाही केले. तेवढ्यावर टेबल थोडा वेळ गप्प होतं, मग आजोबांनी विचारलं पुढची कडी कुणाची.

हिशोब सांगते कारण मला कुणी सांगितला नव्हता. खोली 48, कड्या-दोरा-सुया 41, कागदांच्या प्रती 6, विमा 52, म्हणजे 147. जमा 96. खिशातून 51 पौंड गेले, विमा वर्षभराचा आहे म्हणून पुढच्या वेळी बरं पडेल. पहिल्याच वेळी फी जास्त ठेवायला मन होत नाही, पण निदान 10 ठेवा.

लोक गेले आणि मी सुया मोजल्या. तेवीस. परत मोजल्या, तेवीस. नवरा खुर्च्या लावत होता, त्याला म्हटलं हलू नकोस. चुंबक दोरीला बांधून आणलाच होता, दोघं गुडघ्यांवर बसून कार्पेट झाडलं, टेबलाखाली, खिडकीच्या कडेला, रेडिएटरमागे. एक पेपरक्लिप, एक पाच पेनीचं नाणं, कुणाच्या तरी केसांची पिन. सुई नाही. चारची वेळ संपत आलेली, दारात चावी घेऊन माणूस उभा. मी त्याला खरं ते सांगितलं. तो बिचारा कोट काढून खाली बसला आणि त्याने पण चाळीस मिनिटं शोधली, वर जादा वेळेचे पैसे लावले नाहीत.

सुई सापडली नाही म्हणून फॉर्मवर तसंच लिहिलं, 23, आणि सही. रविवारचा बाळांचा गट त्यांनी शेजारच्या छोट्या खोलीत हलवला, मला रात्रभर झोप नाही. सोमवारी संध्याकाळी मेसेज आला, आजोबांच्या बायकोचा. त्यांच्या स्वेटरच्या बाहीत, कोपराजवळ, नीट खोचून ठेवलेली, दोऱ्यासकट. मी फोटो हॉलला पाठवला, त्यांनी तो फॉर्मला जोडला, आणि 10 ऑक्टोबरला अनामत 50 पौंड परत आले. सोबतच्या मेलमध्ये त्यांनी विचारलंय की नोव्हेंबरची तारीख धरायची का, आणि सुया किती.